वहीत नोंद नसलेला भागीदार

इसवी सन १९६७ च्या जुलै महिन्याच्या २७ तारखेला ब्रिटिश पार्लमेंटने केलेल्या एका कायद्यावर राणीची मोहोर उठली. एकवीस वर्षांवरील दोन पुरुषांनी परस्परांच्या राजीखुशीने, चार भिंतींच्या आत ठेवलेला संबंध हा इंग्लंड व वेल्समध्ये त्या दिवसापासून गुन्हा राहिला नाही. त्यानंतर तेराव्या दिवशी, ९ ऑगस्टला, लंडनच्या इझ्लिंग्टन भागातील नोएल रोडवरच्या २५ नंबरच्या घरात, वरच्या मजल्यावरील एका खोलीत दोन पुरुषांची प्रेते सापडली. एक होता नाटककार जो ऑर्टन, वय ३४. दुसरा केनेथ हॅलिवेल, वय ४१. हॅलिवेलने हातोडीचे घाव घालून ऑर्टनचा जीव घेतला होता आणि मग स्वतःचा. सोळा वर्षे हे दोघे एका छपराखाली राहिले होते.

सभ्य स्त्रीपुरुषहो, कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने हा विषय का निवडला असे आपणांस वाटणे साहजिक आहे. या दोघांवर इंग्रजीत चरित्र आहे, चित्रपट आहे, ऑर्टनची रोजनिशीही छापून निघाली आहे. बहुतेक ठिकाणी ही हकीगत मत्सराची म्हणून सांगितली जाते. एकाला कीर्ती मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही, म्हणून दुसऱ्याने पहिल्याला मारले. ही मांडणी खोटी नाही, पण अपुरी आहे. आम्ही आयुष्यभर हजेरीपट आणि पगारपत्रके पाहत आलो. त्यामुळे ही कथा वाचताना आमची नजर हिशेबाकडे गेली. कोणी काय घातले, कोणाच्या नावावर काय जमा झाले, आणि ज्याचे नाव वहीत चढलेच नाही त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. तोच आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

हॅलिवेलचा जन्म १९२६ चा, लिव्हरपूलच्या पलीकडे मर्सी नदीच्या काठच्या बेबिंग्टन गावचा. बाप हिशेबनीस, घर खाऊनपिऊन सुखी. मुलगा आईच्या पदराला धरून वाढलेला. तो अकरा वर्षांचा असताना आईच्या तोंडात गांधीलमाशी चावली आणि पोराच्या डोळ्यांदेखत ती गेली. बापाशी त्याचे बोलणे जवळजवळ नव्हतेच. शाळेत तो ग्रीक-लॅटिनमध्ये हुशार निघाला. युद्धकाळात त्याने शस्त्र धरण्यास सदसद्‌विवेकबुद्धीने नकार दिला, तेव्हा सरकारने त्याला कोळशाच्या खाणीत कामाला पाठविले. १९४६ साली तो तेथून सुटला. १९४९ साली बापाने आत्महत्या केली आणि ते प्रेतही प्रथम केनेथलाच दिसले. तेविसाव्या वर्षी त्याच्याजवळ उरले ते बापाचे थोडे पैसे, पुष्कळ वाचन आणि नट होण्याची इच्छा.

ऑर्टन हा आपल्या ओळखीच्या जगातला. लेस्टर हे मोजे-बनियनच्या कारखान्यांचे शहर. आई कारखान्यात काम करणारी. क्षयाने तिचे एक फुप्फुस निकामी झाले. बाप नगरपालिकेच्या बागांत माळी. घर नगरपालिकेच्याच कामगार वसाहतीत. थोरला मुलगा जॉन अकराव्या वर्षाच्या परीक्षेत नापास झाला. त्या काळच्या इंग्लंडात ती परीक्षा नापास होणे म्हणजे वरच्या शिक्षणाचा दरवाजा बंद होणे. मग टंकलेखन-लघुलेखनाचा वर्ग आणि आठवड्याला तीन पौंडांची कारकुनी. पण संध्याकाळी हौशी नाटकमंडळींत जाऊन, उच्चार सुधारण्याच्या शिकवण्या घेऊन या पोराने लंडनच्या राजेशाही नाट्यविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळविली. तेथे १९५१ च्या मे महिन्यात हे दोघे भेटले आणि जूनमध्ये एकत्र राहू लागले. त्या वेळी ऑर्टन अठरा वर्षांचा होता, हॅलिवेल पंचवीस वर्षे पुरी करीत होता.

आता हिशेबाकडे या. पहिल्या दहा वर्षांत या संसारात जे भांडवल होते ते हॅलिवेलचे. बापाच्या वारशातून खर्च चाले, आणि १९५९ साली नोएल रोडवरची खोली घेतली तीही त्यानेच. त्याहून मोठे भांडवल म्हणजे त्याचे वाचन. परीक्षेत नापास ठरविलेल्या कारकून पोराला युरिपिडीस कोण, जुने इंग्रज विनोदकार कोण, वाक्य कसे तोलावे, शब्द कसा निवडावा, हे हॅलिवेलने शिकविले. विद्यापीठाने जे दिले नसते ते ऑर्टनला त्या खोलीत मिळाले. शाळा नशिबी नसलेल्या माणसाला असे कोणी भेटणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे स्वतःच्या धडपडीने चार अक्षरे शिकलेला माणूसच जाणतो.

नट म्हणून दोघांचेही फारसे काही झाले नाही. मग त्यांनी मिळून कादंबऱ्या लिहिल्या. एक टेबल, एक टंकलेखनयंत्र, दोघांची नावे. दिव्याचा खर्च नको म्हणून दिवस उगवताच उठून लिहावयाचे आणि अंधार पडला की झोपावयाचे. पैसे अगदीच संपले तेव्हा कॅडबरीच्या चॉकलेट कंपनीत काही महिने मजुरी केली आणि पुन्हा लिहिण्यास बसले. हस्तलिखिते मात्र साभार परत येत राहिली. दहा वर्षांच्या या श्रमातून त्या काळात एकही पुस्तक बाहेर पडले नाही. तथापि आम्हांस असे वाटते की, या दोघांच्या आयुष्यातला सुखाचा काळ तोच. दारिद्र्य होते, पण ते समान होते. अपयशात भागीदारी चोख होती.

ते चोख राहिले नाही, याला निमित्त झाले सार्वजनिक वाचनालय. १९५९ पासून या जोडीने इझ्लिंग्टनच्या वाचनालयांतील पुस्तके पळविण्यास सुरुवात केली. काही पुस्तकांच्या वेष्टनांवर भलतीच चित्रे चिकटवावयाची, आतल्या पाठपरिचयाच्या जागी स्वतः टंकलिखित केलेला वाह्यात मजकूर लावावयाचा, पुस्तक गुपचूप परत फळीवर ठेवावयाचे आणि वाचणाऱ्याचा चेहरा कसा होतो ते दुरून पाहावयाचे. कलेच्या पुस्तकांतील शेकडो चित्रे कापून त्यांनी आपल्या खोलीच्या भिंती जमिनीपासून छतापर्यंत मढविल्या. पकडण्यासाठी नगरपालिकेच्या कायदा खात्याने युक्ती केली. रस्त्यावर सोडलेल्या एका मोटारीबद्दल त्यांना पत्र धाडले. उत्तर आले ते टंकलिखित, आणि त्यातील अक्षरांचे वळण पुस्तकांतील मजकुराशी तंतोतंत जुळले. एप्रिल १९६२ मध्ये दोघांना अटक झाली. सत्तरांहून अधिक पुस्तकांची नासधूस त्यांनी कबूल केली. शिक्षा झाली प्रत्येकी सहा महिन्यांची कैद आणि वर दंड.

वाचनालय हे ज्याचे विद्यापीठ आहे, त्याला या खोडीचे कौतुक वाटणे कठीण. कापलेले पान पुढच्या गरीब वाचकाचे असते. परंतु पुस्तकांच्या विटंबनेसाठी सहा महिने तुरुंग, हेही प्रमाणाबाहेरचे होते. ऑर्टनचे म्हणणे असे की, शिक्षा पुस्तकांबद्दल नव्हतीच, आम्ही दोघे कोण आहोत त्याबद्दल होती. न्यायाधीशाच्या मनात काय होते ते सिद्ध करता येणार नाही. पण ज्या देशात दोन पुरुषांचा संसार हाच मुळात गुन्हा होता, तेथे आरोपीला असे वाटावे यात नवल नाही. काळाचा विनोद असा की, आज तीच वेष्टने इझ्लिंग्टनच्या नगरपालिकेने अभिमानाने जतन केली आहेत आणि ती पाहण्यास लांबून माणसे येतात.

तुरुंगात दोघांना वेगवेगळे ठेवले. अकरा वर्षांत प्रथमच ऑर्टन एकटा बसून लिहू शकला आणि आपण एकट्याने लिहू शकतो हे त्यास कळले. बाहेरच्या समाजाकडे थंडपणे, लांबून पाहण्याची दृष्टी आपल्याला तुरुंगाने दिली, असे तो पुढे सांगे. हॅलिवेलला तुरुंगाने काही दिले नाही. तो बाहेर आला तो अधिक खचून.

पुढचा उत्कर्ष झपाट्याचा आहे. १९६३ साली बी.बी.सी.ने ऑर्टनची श्रुतिका घेतली. १९६४ च्या मे महिन्यात ‘एंटरटेनिंग मिस्टर स्लोन’ रंगभूमीवर आले आणि नाव झाले. नाटककार टेरेन्स रॅटिगन याने स्वतःचे पैसे घालून ते मोठ्या नाट्यगृहात नेले. जॉनचा जो झाला तो याच सुमारास. दुसरे मोठे नाटक १९६५ च्या दौऱ्यात आपटले, पण १९६६ च्या सप्टेंबरात लंडनला पुन्हा उभे राहिले आणि ‘ईव्हिनिंग स्टँडर्ड’चे वर्षातील उत्कृष्ट नाटकाचे पारितोषिक घेऊन गेले. चित्रपटाचे हक्क पंचवीस हजार पौंडांना विकले गेले. या नाटकाचे नाव ‘लूट’. शब्द आपलाच. कंपनी सरकारच्या शिपायांनी हिंदुस्थानातून जे नेले त्यात हा शब्दही इंग्रजीत गेला. ऑर्टनने नाटकाला आधी दुसरेच नाव दिले होते. ‘लूट’ हे नाव सुचविले हॅलिवेलने.

आम्ही या लहानशा गोष्टीवर मुद्दाम थांबतो. नाटके ऑर्टनने लिहिली, यात शंका घेण्याचे कारण नाही. ती धार, तो बेडरपणा त्याचाच. पण नाव सुचविणे, खर्डा वाचून कोठे सैल आहे ते सांगणे, घर सांभाळणे, आणि त्याआधी दहा वर्षे शिकविणे व पोसणे, हे श्रम कोणत्या सदरात मांडावयाचे? जाहिरातीवर ते छापले जात नाहीत. कराराच्या कागदावर त्यांस जागा नसते. हॅलिवेलची ओळख आता ऑर्टनचा मदतनीस म्हणून होऊ लागली. ऐन तरुणपणी त्याचे केस गेले होते. नाटकाचे पैसे येताच ऑर्टनने त्याला टोप घेऊन दिले. देणारा आणि घेणारा यांची जागा अशी बदलली. हॅलिवेलने कात्रणांची चित्रे करण्याची स्वतःची कला जोपासली, १९६७ साली चेल्सीतील एका दुकानात ती मांडलीही, पण फारशी कोणी घेतली नाहीत.

नवराबायकोच्या संसारातही असे होते, हे खरे. नवऱ्याच्या मोठेपणात बायकोचे श्रम गडप झाल्याची उदाहरणे आपल्या घरोघरी आहेत. तरी बायकोला ‘बायको’ हा शब्द असतो. त्या शब्दामागे थोडा कायदा असतो, पोटगी असते, वारसा असतो, सभागृहात पुढच्या रांगेत खुर्ची असते. ते पुरेसे नसते, पण ते असते. हॅलिवेलजवळ असा शब्दच नव्हता. जे नाते उघड सांगितले तर दोघांनाही तुरुंग, त्या नात्याच्या आधारे हक्क मागावयाचा कोणापाशी? गुन्हा म्हणून नोंद होऊ शकत होती, नाते म्हणून नाही.

हा कायद्याचा भाग नीट समजून घेतला पाहिजे. वुल्फेंडेन समितीने सप्टेंबर १९५७ मध्येच सांगितले होते की, सज्ञान माणसांच्या खाजगी संबंधांत फौजदारी कायद्याने हात घालू नये. ते अंमलात येण्यास दहा वर्षे लागली. जे मिळाले तेही अर्धेमुर्धे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड वगळलेले, लष्कर वगळलेले, आणि व्यापारी जहाजांवरचे खलाशीही जहाजावर असेतोवर वगळलेले. म्हणजे कष्टकऱ्यांपर्यंत कायदा येता येता थांबला. आणि त्याने दिली ती शिक्षेतून सूट. नात्याला नाव त्यानेही दिले नाही.

आमच्या संघटनेच्या कामात प्रॉव्हिडंट फंडाचे वारसनोंदीचे फॉर्म आम्ही वर्षानुवर्षे भरून घेतले आहेत. नाव, वय, पत्ता इथपर्यंत पेन सरळ चालते. ‘सभासदाशी नाते’ या रकान्यापाशी ते काही माणसांच्या हातात थांबते. वीस-पंचवीस वर्षे एका खोलीत काढलेल्या सोबत्याचे नाव मनात असते आणि कागदावर पुतण्याचे नाव लिहिले जाते. त्या थांबलेल्या पेनात केवढी कोंडी साठलेली असते, ते फॉर्म छापणाऱ्याला दिसत नाही.

कोंडी मात्र आतल्या आत विषारी होते. १९६७ च्या वसंतापासून या खोलीतली हवा बिघडत गेली. ऑर्टन बाहेर अनेकांशी संबंध ठेवी आणि ते सारे तपशीलवार रोजनिशीत लिही. ती रोजनिशी एकाच खोलीत, दुसऱ्याच्या हाताशी असे. त्याच्याही आत काही मोडलेले होते. १९६६ च्या अखेरीस आई वारली, तेव्हा तिची कवळी त्याने लंडनला आणली आणि ‘लूट’मधील नटाच्या हातात दिली. काही लोक यास विनोद म्हणतात. आम्हांस यात रडता न येणारा मुलगा दिसतो. एकाचे दुःख असे गोठलेले, आणि दुसऱ्याचे थांबता न येणारे. हॅलिवेल झोपेच्या आणि मन शांत करण्याच्या गोळ्यांवर जगू लागला. डॉक्टरांना त्याची अवस्था ठाऊक होती. दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी अशी तजवीजही झाली होती. त्या रात्रीच अनर्थ झाला. बीटल्स मंडळींच्या चित्रपटाच्या बोलण्यासाठी ऑर्टनला नेण्यास सकाळी मोटार आली, दार कोणी उघडीना, आणि मग सारे उघडकीस आले. हॅलिवेलने चिठ्ठी ठेवली होती, तिचा आशय एवढाच की, रोजनिशी वाचा म्हणजे कळेल.

येथे एक गोष्ट आम्ही ठासून सांगतो. हॅलिवेलला हुतात्मा करण्याचा आमचा हेतू नाही. श्रमाचे मोल मिळाले नाही म्हणून झोपलेल्या माणसाच्या डोक्यात हातोडी घालण्याचा हक्क कोणाला मिळत नाही. अन्यायाचे उत्तर संघटित होऊन, बोलून, वेळ पडली तर सोडून जाऊन द्यावयाचे असते. ऑर्टनलाही आम्ही निर्दोष म्हणत नाही. त्याच वर्षी टँजियरला जाऊन त्याने तेथल्या पोरांच्या दारिद्र्याची पैशाने खरेदी केली. कामगार वस्तीतून वर आलेल्या माणसाला ते शोभले नाही आणि त्याचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु हे सारे दोष समलिंगी प्रेमाच्या खात्यावर टाकणे हा खोटा हिशेब होईल. मारहाण, मत्सर, दारिद्र्याची खरेदी, यांनी लग्नाच्या संसारांतही काय केले आहे ते पोलिस चौक्यांच्या नोंदवह्या सांगतील. या दोघांच्या बाबतीत वेगळे होते ते एवढेच, की भांडण चव्हाट्यावर आणण्याची वाट त्यांना बंद होती. मध्ये पडण्यास ना दोन्हीकडची वडीलधारी मंडळी, ना शेजार, ना काडीमोडाची चाल. ज्या नात्याला लग्न नाही त्याला घटस्फोटही नाही. सुटण्याची रीतसर वाट नसलेल्या खोलीत दोन जखमी माणसे सोळा वर्षे कोंडलेली राहिली.

पुढील काळात हे दार कसे उघडत गेले, त्यात कामगारांचा वाटा आहे, आणि तो आपल्या लोकांस फारसा ठाऊक नाही. मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभर ब्रिटनच्या खाणकामगारांचा संप चालला. तेव्हा लंडनमधील समलिंगी स्त्रीपुरुषांच्या एका गटाने रस्त्यावर डबे फिरवून वेल्समधील ड्युलेस खोऱ्यातील संपकऱ्यांसाठी पैसे जमविले. कडव्या, देवभीरू खाणवस्तीने त्यांना घरात घेतले, जेवू घातले. संप हरला, पण उपकार विसरले गेले नाहीत. २९ जून १९८५ रोजी लंडनच्या त्यांच्या मिरवणुकीत खाणकामगार आपला झेंडा घेऊन अग्रभागी चालले. त्याच वर्षी मजूर पक्षाच्या परिषदेत समान हक्कांचा ठराव संमत झाला, त्यामागे खाणकामगार संघटनेच्या मतांचे बळ होते. हॅलिवेलने तरुणपणी ज्या धंद्यात घाम गाळला, त्याच धंद्यातील माणसांनी त्याच्यासारख्यांचा हात धरला. अठरा वर्षे उशीर झाला होता एवढेच. पुढे २००५ पासून तेथे नोंदणीकृत सहजीवन आणि २०१४ पासून इंग्लंड व वेल्समध्ये विवाह मान्य झाला.

आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ इंग्रजांनीच लिहिलेले. त्यांनी स्वतःच्या देशात १९६७ ला जे सोडले ते आपण ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत उराशी धरले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने अशा विवाहास मान्यता देण्याचे नाकारले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थखात्याने स्पष्ट केले की, अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास आणि एकमेकांस वारस म्हणून नेमण्यास आडकाठी नाही. खातेपुस्तकावर दोन नावे आली. ही लहान गोष्ट नव्हे. सारा कामगार कायदा अशाच लहान लहान रकान्यांतून उभा राहिला आहे. वारसनोंद, आजाऱ्याच्या शुश्रूषेची रजा, दवाखान्याचे कार्ड, कंपनीचे घर, यांच्या करारात सोबत्याचे नाव घालून घेण्याची मागणी संघटनांनी केली पाहिजे. त्यासाठी कोणाच्या शयनगृहात डोकावण्याची गरज नाही. कोण कोणासाठी राबले एवढे पाहिले म्हणजे पुरे.

ऑर्टनचे अखेरचे नाटक १९६९ साली, त्याच्या मरणानंतर, रंगभूमीवर आले. त्याची नाटके आजही होतात. हॅलिवेलचे नाव त्याबरोबर निघते ते मारेकरी म्हणून, आणि ते चुकीचे नाही. परंतु इतिहासाने दोन्ही बाजू मांडाव्यात. लंडनच्या गोल्डर्स ग्रीन स्मशानात ऑर्टनचे दहन झाले आणि दोन्ही घरच्यांच्या संमतीने दोघांची राख एकत्र करून तेथल्या बागेत विखुरली गेली. मारणारा आणि मारला गेलेला यांची राख एकत्र करण्यास जी माणसे तयार झाली, ती काही विद्वान नव्हती. या दोघांत काहीतरी होते आणि त्याला आपण नाव दिले नाही, एवढे त्यांना उमगले असावे. जिवंतपणी जे उमगले असते तर कदाचित दोघांनी भांडून, रडून, वेगळे होऊन आपापली म्हातारपणे गाठली असती. ज्याच्या श्रमावर आपण उभे आहोत त्याचे नाव त्याच्या हयातीत घ्यावे, आणि ते घेण्यास कायद्याची भीती नसावी, एवढेच मागणे या इतिहासातून निघते.